ऐकलंत का, कॅमेरा काळा का झाला ते?

अहो, जरा कुंपणाशी या ना. हळू बोला हं, माई ओसरीवरच बसल्यात, आणि त्यांना ऐकू येत नाही ते सगळं सोयीनं. तर ऐकलंत का शनिवारचं? म्हणजे काकूंच्या धाकटीला बघायला टोरांटोहून कॉल होता हे तुम्हाला माहीतच आहे, ते कुणाला माहीत नाही! पण झाला कसा? मी होते ना तिथं. काकूंना कांदेपोह्यांना हात हवा होता. आता व्हिडिओ कॉलवर पोहे कोण खाणार, पण मामा म्हणाले, रीत ती रीत. सगळे नटून बसलेले, मामा, मावशी, आपले बँकवाले भाऊ, समोर तो लॅपटॉप. पलीकडचे सगळे कसे स्वच्छ दिसतायत, मुलगा, आई-बाप, मागच्या फ्रिजवर चिकटवलेलं कॅलेंडरसुद्धा. आणि आपली बाजू? काळीकुट्ट! एक चौकोन आणि आत नुसता अंधार. मामांचा चेहरा असा पडला की...

पण थांबा, मधूनच सांगितलं तर मजा जाईल. आधी तो लॅपटॉप.

धाकटीनं तो अमेरिकेतून आणवला, चुलतभाऊ आला होता ना दिवाळीत, त्याच्या बॅगेतून. लिब्रेम १४ म्हणे. प्युरिझम नावाची कंपनी आहे तिकडे कॅलिफोर्नियात, टॉड वीव्हर म्हणून एका गृहस्थांनी २०१४ साली काढलेली. काकू मला म्हणाल्या, ‘साधाच आहे हो.’ साधा! काकांच्या तोंडून निसटलं, लाखाच्या पुढे गेला. एवढ्यात आमच्या दोघांचे दोन आले असते आणि वर मिक्सर. मी विचारलं, एवढं काय सोनं लावलंय त्याला? तर म्हणे, खटके.

हो, खटके. दोन आहेत. एक कॅमेरा आणि माइकचा, दुसरा वायफाय-ब्लूटूथचा. आपल्या लॅपटॉपवर आपण ‘कॅमेरा बंद’ म्हणतो तेव्हा काय होतं, तर आपण सांगतो आणि तो ऐकल्यासारखं करतो. आत कुणी चोर प्रोग्राम शिरला तर आपल्या नकळत चालूही करेल. इथं खटका पाडला की वीजच तुटते. मग कितीही हुशार चोर येऊ दे, चालू काय करणार कपाळ? धाकटी हे माईंना ओसरीवर समजावत होती आणि मी इकडे मोगऱ्याच्या कळ्या काढत होते, ऐकत नव्हते, कानावर पडलं. माई लगेच म्हणाल्या, ‘म्हणजे मेन स्विचच की.’ एका वाक्यात! हे लक्षात ठेवा हं, पुढे लागणार आहे.

मला आधी वाटलं, पोरीचं डोकं फिरलंय, हिच्या कॅमेऱ्यातून कोण बघणार, ही काय सिनेनटी? पण ते फेसबुकचे झुकरबर्ग नाहीत का, २०१६ साली त्यांनी कौतुकानं फोटो टाकला, आणि मागं टेबलावर त्यांचाच लॅपटॉप, कॅमेऱ्यावर टेप चिकटवलेली! माइकच्या भोकावरसुद्धा! आणि एफबीआयचे तेव्हाचे प्रमुख कोमी, तेही त्याच साली म्हणाले, मीपण टेप लावतो. म्हणजे ज्यांना आतलं ठाऊक, तेच झाकून बसलेत. आणि आपण?

अजून तर खरी गोष्ट पुढेच आहे. तुम्हाला सांगते, आपल्या कॉम्प्युटरच्या आत आणखी एक कॉम्प्युटर असतो. शप्पथ! इंटेलच्या चिपांमध्ये गेली कित्येक वर्षं, मॅनेजमेंट इंजिन म्हणतात त्याला. आपण विंडोज लावा नाहीतर लिनक्स लावा, त्याचा संसार खाली वेगळाच. मशीन झोपलेलं असलं तरी हा जागा. आणि तो काय करतो ते मालकाला बघता येत नाही, कोडच उघडा नाही. बरं, तो चालतो कशावर? मिनिक्सवर. म्हणजे त्या टॅनेनबॉम सरांचं मिनिक्स हो, ॲमस्टरडॅमचे प्रोफेसर, पोरांना शिकवायला लिहिलेली सिस्टिम. आणि त्यांना हे कळलं कसं, तर बाहेरून! घरच्यांनी पत्ता लागू दिला नाही. २०१७ साली त्यांनी इंटेलला उघडं पत्रच लिहिलं. मोठ्या मनाचे, पैसे मागितले नाहीत, परवानगी लागतच नव्हती. फक्त एवढंच, की सगळं झाल्यावर निदान एक शब्द कळवला असता तर बरं वाटलं असतं. बघा म्हणजे. अख्ख्या जगाच्या लॅपटॉपात आपला माल आणि आपल्यालाच आमंत्रण नाही.

आणि यांचंच १९९२ साली त्या लिनस टॉरवाल्ड्सशी वाजलं होतं, आठवतंय ना? लिनक्स म्हणजे जुनाट पद्धतीचं म्हणाले होते हे. पोरगं तेव्हा बावीस वर्षांचं, फिनलंडमधलं, यांच्याच मिनिक्सवर शिकून वर आलेलं. त्यानंही तोंडाला तोंड दिलं...

तर काय सांगत होते? हां, आतला कॉम्प्युटर. तो बंद कसा करायचा? २०१७ सालीच काही रशियन तज्ज्ञांनी खणून खणून एक गुपचूप खूण शोधली, ती लावली की हे इंजिन सुरुवातीलाच गप्प बसतं. आणि ती खूण ठेवली होती कुणासाठी? अमेरिकन सरकारच्या कार्यक्रमासाठी! म्हणजे सरकारला स्वतःच्या मशीनमध्ये हा पाहुणा नको, बाकीच्यांच्या घरी खुशाल राहू दे. प्युरिझमवाल्यांनी त्याच सालच्या ऑक्टोबरात जाहीर केलं, आमच्या लॅपटॉपात तो बंद करून देतो. आणि सुरुवातीचा बायॉस असतो ना, त्याच्या जागी कोअरबूट. त्याचं मूळ लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत, १९९९ सालातलं. लॉस अलामोस म्हणजे ॲटम बॉम्बवालं, तेच. काकू मला म्हणतात ‘साधाच आहे हो’!

बरं, मशीन आलं ते प्युअरओएस घालून आलेलं. ते अगदी कडक सोवळ्यातलं. ज्याचा कोड उघडा नाही अशा कशाचाही विटाळ नाही. अमेरिकेतल्या त्या स्टॉलमनांच्या फाउंडेशननं २०१७ च्या डिसेंबरात त्याला पसंतीचा शिक्कासुद्धा दिलाय, आणि तो शिक्का सहजी मिळत नाही बरं का, ज्या डेबियनच्या पोटातून हे निघालं त्या डेबियनलाही नाही. पण ब्लूटूथच्या चिपला बंद पाकिटातला कोड लागतो, तो सोवळ्यात चालत नाही. आणि धाकटीला कानात ते हेडफोन हवेतच. चार दिवस विचार केला पोरीनं, आणि सरळ पुसून टाकलं, डेबियन घेतलं. त्यांच्याकडेही यावरून केवढी भांडणं झालेली. शेवटी २०२२ मध्ये मतदान घेतलं, आणि २०२३ च्या बुकवर्मपासून तो बंद पाकिटातला कोड इन्स्टॉलरबरोबरच यायला लागला. हिनं त्याच्या पुढचं घेतलंय, १३, ट्रिक्सी. ही सगळी नावं त्या टॉय स्टोरी सिनेमातली हं. आणि जे कच्चं, मोडकंतोडकं, रोज बदलणारं असतं ना, त्याला नेहमी सिडच म्हणायचं. सिड म्हणजे त्या सिनेमातलं शेजारचं कार्टं, खेळणी मोडणारं. प्रत्येक गल्लीत एक असतंच. आपल्याकडे कोण ते मी सांगत नाही.

आणि डेबियन हे नाव माहितेय ना कसं पडलं? इयान मर्डॉक म्हणून मुलगा, १९९३ साली काढलं त्यानं. तेव्हाची त्याची मैत्रीण डेब्रा. तिचं नाव आधी, आपलं मागून. पुढे लग्न झालं, पुढे घटस्फोटही झाला, आणि नाव मात्र जोडलेलं ते जोडलेलंच, जगभरच्या सर्व्हरांवर! आता काय करतील, परत थोडंच बारसं करता येतं.

तर काय सांगत होते... हां, ती इन्स्टॉलची रात्र. पेन ड्राइव्ह आणला तपकीर गल्लीतून. डाउनलोड केलेलं लगेच घालायचं तर नाही, आधी तासभर तपासलं. म्हणजे ती जी मोठी फाइल येते ना, तिच्यावरून एक लांबलचक आकडा काढायचा आणि डेबियनवाल्यांनी सही करून दिलेल्या आकड्याशी ताडायचा. एक अक्षर इकडचं तिकडं झालं तर समजायचं, वाटेत फाइल बिघडलीय, नाहीतर कुणीतरी हात घातलाय. काका म्हणाले, ‘मी घराच्या खरेदीखताला एवढं बघितलं नव्हतं.’ काकूंनी त्यांच्याकडे असं पाहिलं...

मग इन्स्टॉल. तिथं सगळी डिस्क कुलूपबंद करायचा पर्याय असतो, तो घेतला तिनं. तर ते काय करतं, आधी सबंध डिस्कवर वाट्टेल तो अर्थहीन मजकूर लिहून काढतं, म्हणजे खरा माल कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते बाहेरच्याला कळू नये. थांबवता येतं, पण ही थांबवेल तर ना. रात्री दीडला त्यांच्या खोलीत दिवा. मला काही झोप नव्हतीच. आणि आवाज कसला यावा? फाशांचा! खड् खड् खड्... माई उठून बसल्या. ‘अगं, मध्यरात्री जुगार कसला खेळतेस?’

जुगार नव्हे, पासवर्ड! पाच फासे टाकायचे, पाच आकडे येतात, त्या आकड्यांपुढं यादीत जो शब्द असेल तो घ्यायचा. यादीत ७,७७६ शब्द. असे सहा-सात शब्द ओळीनं लावायचे, झाला पासवर्ड. डाइसवेअर म्हणतात, १९९५ पासूनची युक्ती. का, तर माणूस स्वतःच्या मनानं शब्द निवडतो तेव्हा तो निवडतच नाही, मुलाचं नाव आणि जन्मसाल घालतो. (हसू नका, तुमचं वायफाय सगळ्यांना माहितेय.) फाशांना मुलंबाळं नसतात. आणि हे शब्द विसरले की संपलं, डेबियनवालेसुद्धा उघडून देऊ शकत नाहीत. मी आपलं सहज विचारलं तिला, ‘काय गं, सोपेच असतील ना शब्द?’ तर नुसती हसली. चांगली पोर, पण तोंडातून एक शब्द काढेल तर!

एक मात्र चांगलं केलं. कॉलेजात असताना जुन्या कॉम्प्युटरवर हिनं मुख्य मालकाचा वेगळा पासवर्ड ठेवला होता, आणि मग काहीही करायला गेली की निरोप यायचा, तुम्हाला परवानगी नाही, या घटनेची तक्रार केली जाईल. काकू घाबरून गेल्या, कुणाकडे तक्रार? पोलीस येणार की काय? तर तक्रार जायची त्याच डब्यातल्या मुख्य खात्याला, म्हणजे हिलाच! या खेपेला मुख्य पासवर्डची जागा कोरी ठेवली, की इन्स्टॉलर आपोआप पहिल्या माणसाच्या हातात किल्ल्या देतो. 

आणि बँकवाल्या भाऊंचं ऐकलंत का? त्यांचं आणि यांचं वायफाय एकत्र आहे ना, पैसे निम्मे निम्मे. भाऊंची सवय अशी, रात्री जेवण झालं की राउटरचं पान उघडायचं आणि कोण कोण जोडलंय ते वाचायचं. पेपरसारखं. तर एक दिवस पळत पळत आले, ‘आपल्या वायफायवर रोज नवीन मशीन येतंय! कालचं वेगळं, आजचं वेगळं!’ घाम फुटलेला. पासवर्ड बदलला, गच्चीवर बॅटरी घेऊन फिरून आले. मग धाकटीनं सांगितलं, ‘भाऊकाका, मीच ती.’ प्रत्येक वायफाय कार्डाचा एक पत्ता असतो, तो दरवेळी नवा खोटा द्यायचा अशी सेटिंग लावलीय तिनं, म्हणजे कुठल्या हॉटेलात, कुठल्या स्टेशनावर कोण आलं-गेलं त्याची साखळी जुळत नाही. भाऊ म्हणाले, ‘पण घरात कशाला?’ ती काही बोलली नाही. भाऊंचा चेहरा हळूहळू... कळलं असावं त्यांना, राउटरचं पान कोण वाचतं ते सगळ्यांना माहीत आहे म्हणून. मी कढीकडे बघत राहिले.

माईंना मात्र त्या यंत्राचा भारी लळा. धाकटीनं मराठी लावून दिलंय त्यात, आयबस म्हणून असतं, त्यात इनस्क्रिप्टही आहे आणि ‘आई’ इंग्रजीत लिहिलं की मराठी उमटतं तेही. फाँट लोहित. तो तर आपल्या पुण्यातला, रेड हॅटच्या इथल्या ऑफिसातल्या मंडळींनी वर्षानुवर्षं सांभाळलेला. माईंनी चष्मा वर केला आणि म्हणाल्या, ‘ल आपला आहे, हिंदीतला नाही.’ बघितलंत? ल बघितला त्यांनी! दुपारी धाकटी ऑफिसात गेली की माईच बसतात समोर. हिनं वेगळं खातं करून दिलंय त्यांना, पासवर्डसकट. कुठला खटका कशाचा, कुठला दिवा कधी लागतो, सगळं पाठ.

हां, तर शनिवार!

साडेसातचा कॉल, तिकडे सकाळचे दहा. आणि नवरीच नाही घरात! त्या लिनक्सवाल्यांची बैठक असते, तिथून निघाली ती कर्वे रोडवर अडकली. जाताना सगळं उघडून ठेवून गेली होती बिचारी, जित्सीवर, म्हणजे पलीकडच्यांना काही डाउनलोड नको, खातं नको, दुवा दाबला की आत. तर आत आले ते, आणि आपण अंधारात. बरं, त्यांचा आवाज आपल्याला खणखणीत, आपला त्यांना नाही. त्याची आई सारखी म्हणतेय, ‘हॅलो? आहात का?’

भाऊ पुढे सरसावले. बाह्या वर. सेटिंग उघडलं, यादी उघडली, कॅमेरा यादीतच नाही! माइक आहे, पण त्याची रेघ हलेल तर शपथ. ‘ड्रायव्हर गेला,’ भाऊ म्हणाले, ‘मी सांगत होतो, विंडोज घ्या. हे फुकटचं कधी...’ आणि बोट नेलं ते बंद करायच्या बटणाकडे, रीस्टार्ट करतो म्हणाले. तेवढ्यात कोपऱ्यातून माई, ‘बंद करू नका. परत उघडायचं नाही तुमच्याच्यानं.’ बरोबरच, सात शब्द कुणाला ठाऊक! पण भाऊंचा हात हवेतच राहिला.

मामांनी मग खाली लिहिलं, आमचा कॅमेरा यादीत दिसत नाही. तर मुलगा काय म्हणाला माहितेय? लगेच, हसून, ‘किल स्विच पडलाय का?’ मावशींनी नुसतं ‘किल’ ऐकलं. ‘अगंबाई, किल काय म्हणतो हा?’ मामा म्हणाले, ‘खटका आहे का विचारतोय.’ मावशी आणखीच चिडल्या, ‘आमच्या मुलीला खटका-बिटका काही नाही!’ मी पदर तोंडात धरला.

आणि मग मावशी मोकळ्याच सुटल्या, ऐकू जात नाही म्हटल्यावर. मुलगा बरा आहे पण खांदे पाडून बसतो. आईचं बोलणं जरा शिष्टच. तेवढ्यात धाकटी आली, हातात हेल्मेट. एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा लॅपटॉपकडे, आणि नुसतं बोट. टक्. आता गंमत अशी, माइक चालू झाला ताबडतोब, पण कॅमेरा यादीतून परत निवडावा लागतो, म्हणून चौकोन काळाच. मावशींना वाटलं, अजून बंदच आहे. म्हणाल्या, ‘पुढून केस चाललेत हो त्याचे, पाच वर्षांत बापासारखा चंद्र.’

टोरांटोत शांतता. बाप तिथंच बसलेला, मधोमध, खिडकीतलं ऊन डोक्यावर. त्याच्या आईचा चेहरा असा उतरला, आणि नेमका तेव्हा धाकटीनं कॅमेरा निवडला! पहिलं चित्र गेलं ते मावशींचं, आ वासलेलं. काकूंच्या हातातला झारा खाली. अहो, कुणी बोलेना. शेवटी बापच म्हणाला, ‘पाच नाही, तीन वर्षं देतो मी त्याला.’ आणि मुलगा जो हसायला लागला... मग त्यानं विचारलं, ‘लिब्रेम आहे का?’ धाकटी म्हणाली, ‘तुम्हाला कसं कळलं?’ झालं. त्यांचं सुरू. मोठी माणसं बसली पोहे खात. दहा मिनिटांनी ती लॅपटॉप उचलून आत गेली, हेडफोन घातले, दार लावलं, आणि तासभर! काय बोलले, एक अक्षर बाहेर नाही. मी दोनदा पाणी प्यायला आत गेले, तरी नाही.

पण मला सांगा, खटका पाडला कुणी? धाकटीनं नाही, ती कॉल जोडून, स्वतःला त्यात बघून मग गेली. भाऊ म्हणतात, काकूंनी फडक्यानं पुसताना पडला असेल. काकू म्हणतात, मी हातच लावला नाही. आणि काल माई मला काय म्हणाल्या? आपल्या आपणच, वाती वळता वळता, ‘टोरांटोला बर्फ फार, आणि यायला-जायला एक अख्खा दिवस. म्हातारपणी नात बघायची तर काय पडद्यावरच का?’ मी काही म्हणत नाही हं. मी फक्त सांगतेय, सात वाजून वीस मिनिटांनी त्या खोलीत एकट्या माई होत्या, आणि मी खिडकीतून पाहिलं तेव्हा जपमाळ टेबलावर आणि हात लॅपटॉपवर.

रविवारी परत कॉल आहे, याच वेळेला, मुलानंच मागितलाय. मी विरजण मागायला जाणारच आहे. तुम्हीही चला, पण वाटी आणा बाई तुमची तुमची, एका वाटीवर दोघी आल्या असं दिसायला नको.